बाबांनी, बाबांना

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत ऋतू दोनच. ग्रिलवर कव्हर असतं तो एक, आणि कव्हर निघतं तो दुसरा. बाकी ते स्प्रिंग आणि फॉल वगैरे कॅलेंडरवाल्यांचं कौतुक. कव्हरचा ऋतू लांबलचक. घराला लागलेल्या लाकडी डेकवर बर्फाचा ढीग, ढिगाच्या मधोमध काळ्या कापडात गुंडाळलेलं ते धूड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत मी भांडी विसळतेय, यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मग एप्रिल सरता सरता कधीतरी दुपारी शेजारच्या घरातून धूर येतो. कोळशाचा, चरबीचा, थोडा ओल्या लाकडाचा. तो वास आला की सुहास, म्हणजे माझा नवरा, हातातलं टाकून उठतो आणि म्हणतो, "चला, लोकांचं सुरू झालं."

यंदा तो वास आला तेव्हा मी पटकन खिडकी लावून घेतली. काचेनं काय डोंबल अडणार. आतल्या खोलीतून आवाज आलाच, "चला, लोकांचं सुरू झालं."

खिडकी का लावली ते आधीच सांगून टाकते. सुहासच्या हातांना आता गरम-गार कळत नाही. जुना डायबेटिस. आधी पाय बधिर झाले. चप्पल पायातून निघून जायची आणि हा एका चपलेनिशी घरभर हिंडायचा. तेव्हा आम्ही हसायचो. मग ते बोटांत आलं. शर्टाचं बटण लावायला आरशासमोर उभं राहावं लागायला लागलं, कारण बोटांना बटण सापडेना, ते डोळ्यांनी शोधायचं. चहाचा कप निवलाय की वाफाळतोय हे ओठांना लागल्यावर कळायला लागलं. आमच्या प्रभाताई डॉक्टर, आता रिटायर्ड, तीन घरं सोडून राहतात. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, हात शाबूत आहे त्याचा. हातातली बातमी वर पोचत नाही." मी विचारलं, यावर काही करता येतं का. त्या म्हणाल्या, "शुगर सांभाळायची, आणि जपायचं." जपायचं म्हणजे कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

क्लिनिकमध्ये डोळे मिटायला लावून बारीक दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवतात आणि विचारतात, कळतंय का. हा पापण्यांच्या फटीतून बघतो आणि बरोब्बर वेळेला "येस" म्हणतो. आयुष्यात कधी कॉपी केली नाही या माणसानं. सत्तरीत करतोय. मी शेजारच्या खुर्चीत बसून छताकडे बघत राहते. 

आम्ही इथे नवे होतो तेव्हा बार्बेक्यू म्हटलं की शाकाहारी माणसाची पंचाईत व्हायची. लोक प्रेमळ होते, पण त्यांच्या प्रेमाची धाव मक्याच्या कणसापर्यंत आणि मधे काहीच नसलेल्या बनपर्यंत. आम्ही दोघं चिकन खाणारे, आमचं भागायचं. प्रभाताई मात्र शाकाहारी, आणि नुसत्या शाकाहारी नव्हेत, जाळीवर आधी चिकन पडलं असेल तर त्या जाळीवरचा टोमॅटोही न खाणाऱ्या. म्हणून आमच्याकडे नियम ठरला. जाळी लख्ख घासायची, आधी प्रभाताईंचं भाजायचं, मग बाकीच्या जगाचं. इथले लोक ज्याला अ‍ॅपेटायझर म्हणतात ते आमच्या डेकवर असं सोवळ्यातून जन्माला आलं.

पहिल्यांदा घरचं पनीर लावलं होतं. दूध फाडून, फडक्यात बांधून, वर कुकर ठेवून केलेलं. जाळीवर ठेवलं, सुहासनं पालटायला चिमटा लावला आणि त्याचा भुगा होऊन सगळं खाली विस्तवात. प्रभाताई शांतपणे म्हणाल्या, "माझा नैवेद्य अग्नीला पोचला. आता मला थोडा दहीभात वाढ."

मग शेजारच्या वुस्टर शहरातल्या एका लेबनीज दुकानदारानं सुहासला मिठाच्या पाण्यातला पांढरा ठोकळा दिला आणि सांगितलं, हे पाघळत नाही. सुहासला पटेना. चीज आणि पाघळत नाही? हलूमी त्याचं नाव. प्रभाताईंना ते पहिल्या दिवसापासून "हळू मी" असं ऐकू आलं आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात तेच रूढ झालं. "सुहास, हळूमी आणलंस का रे?" नवीन आलेल्या जोडप्यांना वाटतं, हा कोकणातला कुठलातरी पदार्थ असेल.

आणि नाव लागू पडतं हो त्याला. त्याच्याशी घाई चालतच नाही. आधी धुवायचं, नाहीतर मिठाचा खडा चघळल्यासारखं लागतं. फडक्यानं टिपून कोरडं करायचं. बोटभर जाडीचे काप करायचे, पातळ केले की मधेच चिरतात. तेल जाळीला नाही, चीजला चोळायचं. आणि एकदा ठेवलं की हात लावायचा नाही. आधी ते जाळीला घट्ट चिकटतं. जीव वरखाली होतो, वाटतं घालावं खाली उलथनं. घातलं की वरचा पापुद्रा गेलाच. पण धीर धरला की खालून तांबूस कवच धरतं आणि मग त्याचं तेच जाळी सोडतं. सुहास चिमट्याच्या टोकानं जरासं हलवून बघायचा आणि म्हणायचा, "सुटलं." ते एवढंसं म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की बास. वर लिंबू पिळायचं, प्रभाताईंच्या घरची लसणाची चटणी भुरभुरायची आणि उभ्या उभ्या, बोटं पोळत खायचं. दाताखाली करकर वाजतं. ताटात घेऊन निवांत बसलात तर गार होऊन वातड होतं, मग चावत बसा.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट असायची, आणि मला वाटतं चीजपेक्षा मी तिचीच वाट बघायचे. जाळी तापली का हे बघण्याची सुहासची पद्धत. तळवा खाली करून हात जाळीच्या वर वीतभर धरायचा आणि मुलीचं पूर्ण नाव घ्यायचं. मीरा सुहास पाटणकर. सावकाश, शाळेत हजेरी घेतात तसं. "मीरा" म्हणतानाच हात मागे आला तर जाळ जास्त. सगळं नाव संपलं तरी हात टिकला तर अजून तापायचंय. "पाटण"पाशी चटका बसला पाहिजे आणि "कर" हात मागे घेतल्यावर, म्हणजे झालं. मीरा लहानपणी वैतागायची. एकतर मधलं नाव सुहास म्हणून शाळेत पोरं चिडवायची, आणि घरी बाप तेच नाव घेऊन विस्तवासमोर उभा. "बाबा, व्हाय कान्ट यू जस्ट काउंट?" ती विचारायची. "आकडे कुणाचेही असतात," तो म्हणायचा.

मी कितीदा तरी कांदा चिरता चिरता खिडकीतून ते ऐकलंय. मीरा सुहास पाट, आणि मग झटकन मागे आलेला हात, आणि तो हात पँटला चोळत मीराला मारलेली हाक. त्या वेळी त्यात जपून ठेवण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. रोजची पोळी कुणी जपून ठेवतं का?

मराठीत भाजणं हा शब्द मोठा विचित्र आहे. वांगं भाजतात आणि माणसालाही भाजतं. मीराला हे कुणी कधी शिकवलं नव्हतं, कारण शिकवायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असेल. शनिवारची दुपार, डेकवर सुहास, आणि प्रभाताईंनी घरून फोन केला, "झालं का गं भाजून? निघू का?" फोन मीरानं घेतला. तिला म्हणायचं होतं, बाबांनी भाजलं. ती म्हणाली, "काकू, बाबांना भाजलं," आणि फोन ठेवून आपला वाटा घ्यायला डेकवर पळाली.

फरक काय, एक वेलांटी आणि एक काना. पण पाच मिनिटांत आमच्या ड्राइव्हवेवर प्रभाताई हजर, हातात डॉक्टरी बॅग, पायात घरातल्या सपाता, केस अर्धे विंचरलेले. त्यांनी वाटेत आणखी दोन घरी कळवलेलं, त्यामुळे त्यांच्यामागे एक गृहस्थ कोरफडीची अख्खी कुंडी उचलून आणत होते. सुहास एप्रन बांधून, चिमटा हातात घेऊन उभा. म्हणाला, "या, या, गरम आहे तोवर घ्या." प्रभाताई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून त्यांनी चार तुकडे खाल्ले. मीरा बिचारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला प्रत्येकानं आलटूनपालटून समजावलं, "नी, राजा, नी. बाबांनी."

तेव्हापासून ती आमच्या घराची खूण झाली. मीरा कॉलेजला गेली, मग नोकरीला लागली, आता जर्सी सिटीत एका उंच बिल्डिंगमध्ये राहते, जिथे बाल्कनीत उदबत्ती लावायचीसुद्धा चोरी. पण दर वर्षी कव्हर निघालं की तिचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बाबांना भाजलं का?" मग फोन ज्याच्या हातात असेल त्यानं म्हणायचं, "नी, मीरा, नी." तिला कळत नाही असं थोडंच आहे. बाकीचं मराठी तिचं वर्षावर्षानं विरळ होत चाललंय, आधी क्रियापदं गेली, मग लांब वाक्यं गेली. हे एक वाक्य चुकीचं असूनही जसंच्या तसं राहिलंय, म्हणून आम्ही ते लाडानं जपतो.

यंदा मी काय काय करून पाहिलं, विचारू नका. आधी चिमटा डाळीच्या डब्यामागे लपवला. त्यानं नवीन आणला, जुन्यापेक्षा लांब. गॅसचं सिलिंडर रिकामं आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. तो शेजाऱ्याच्या गाडीतून जाऊन भरलेलं घेऊन आला. मग मी एक पिस्तुलासारखं यंत्र मागवलं, लांबून रोखलं की तापमान सांगणारं. म्हटलं, इंजिनिअर आहेस ना, घे. त्यानं चहावर रोखलं, भिंतीवर रोखलं, शेवटी माझ्या कपाळावर रोखून म्हणाला, "हे बघ, सगळ्यात जास्त हेच तापलंय." आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मी म्हटलं, मग पाणी तरी शिंपडून बघ, मी तव्यावर शिंपडते तसं. "ग्रिल म्हणजे तवा आहे का?" तो म्हणाला.

एकदा मात्र मी सरळ म्हटलं, "मी भाजते ना. तू बस."

चिडला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग मी काय करू?" टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच विचारायचं होतं. लोक डेकवर जमलेत, पोरं पळताहेत, कुणीतरी बर्फाचा डबा उघडतंय, आणि यानं काय करायचं? मी कोथिंबीर निवडत बसले. 

मीरानं सांगितलं तर ऐकेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडी त्यानं मीराच्या एका वाक्यावर सोडली. पायाला ब्रेक कळेना, मी महिनाभर विनवण्या करत होते, प्रभाताईंनी दोनदा रागावून सांगितलं, तर "हो ताई, हो ताई" करून दुसऱ्या दिवशी हा किल्ली घेऊन तयार. मीरा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आली, म्हणाली, "बाबा, प्लीज," आणि त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. नंतर महिनाभर तो खिडकीतून गॅरेजकडे बघायचा. म्हणूनच हातांचं मीराला कळू द्यायचं नाही असं त्याचं म्हणणं. "गाडी गेली," तो मला म्हणाला. "हे कळलं की ग्रिल जाईल, आणि मग ती घराचं काढेल बघ." खोटं नव्हतं ते. मीरा तिच्या जवळपासच्या सीनियर अपार्टमेंटचे फोटो पाठवतेच आहे, लिफ्ट, जिम, खाली कॅफे. डेक कुठल्याच फोटोत नाही.

सांगितलं तर त्याचं उरलंसुरलं जातं, नाही सांगितलं तर हात जातो. मी रोज एक ठरवायचे आणि रोज मोडायचे. शेवटी ठरवलं की कव्हर निघालं की मीराचा फोन येईलच, तेव्हा सांगून टाकायचं. आपण होऊन फोन करायचा नाही, पण आला की मागे हटायचं नाही.

गेल्या शनिवारी कव्हर निघालं. ऊन असं स्वच्छ होतं की झाडांची नवी पानं ओली वाटत होती. बाकी कुणाला बोलावलं नव्हतं, फक्त प्रभाताई. सुहासनं जाळी घासली, गॅस लावला, झाकण लावून ठेवलं. मी काप टिपून, तेल चोळून ताटलीत लावले. त्यानं झाकण उघडलं तेव्हा गरम हवा माझ्या तोंडावर आली. मी दोन पावलं लांब होते.

त्यानं हात धरला. "मीरा," तो म्हणाला, "सुहास, पाटणकर."

हात तिथेच.

"सुहास, हात," मी म्हटलं.

"थांब, तापलं नाही अजून," तो म्हणाला. हात आणखी खाली गेला आणि त्यानं पुन्हा सुरुवात केली. मीरा सुहास पाटणकर. इतकं निवांत, इतकं पूर्ण नाव त्या जाळीवर कधी घेतलं गेलं नव्हतं. प्रभाताई खुर्चीतून उठल्या. मी त्याचा दंड धरून ओढला. "अगं, काय करतेस, पडेन ना मी," असं म्हणत त्यानं दुसऱ्या हातानं काप ठेवायला सुरुवात केली. आम्ही दोघी उभ्या. कापांचा चर्र आवाज आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं. "बघ, तापलं होतं की," तो म्हणाला.

प्रभाताईंनी त्याचा हात उलटा केला. तळवा लाल झाला होता आणि बोटांच्या मुळाशी कातडी पांढरट होऊन फुगायला लागली होती. सुहास स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जसा दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याला दाखवलाय. मग माझं तोंड पाहून, मला धीर द्यायला म्हणून म्हणाला, "दुखत नाही गं. खरंच अजिबात दुखत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी किती आजारपणांत उशाशी बसले असेन. त्या दिवशी मात्र मला ते ऐकायचं नव्हतं.

प्रभाताईंनी गॅस बंद केला, त्याला आत नेऊन हात नळाखाली धरायला लावला आणि ड्रेसिंगचं सामान आणायला घरी गेल्या. मी डेकवर ताटली घ्यायला आले तर टेबलावरचा फोन वाजत होता. मीरा. मागे स्टेशनातली गडबड ऐकू येत होती.

"आई, बाबांना भाजलं का?"

मराठीत काय शब्दांची कमी आहे? पोळलं म्हणता आलं असतं, चटका बसला म्हणता आलं असतं, तिच्याच इंग्रजीत सांगता आलं असतं. पण तोंडात जे आलं ते आमच्या घरातलं होतं.

"हो," मी म्हटलं. "मीरा, बाबांना भाजलं."

ती खळखळून हसली. "नी, आई, नी. यू आर सपोज्ड टु करेक्ट मी."

"नाही गं. ना. बाबांना."

तिला आणखीच हसू फुटलं. "ओके, ओके, बाबांना. मग? प्रभाकाकू बॅग घेऊन आल्या का?"

आल्या होत्या. ड्राइव्हवेवरून बॅग घेऊन, घरातल्या सपातांवर, घाईघाईनं येताना मला दिसतच होत्या. "हो," मी म्हटलं.

"बेस्ट. ऐक ना, माझी ट्रेन आली, आय हॅव टु रन. माझे दोन तुकडे ठेवा. लव्ह यू गाइज."

मी लगेच परत लावला. लागला नाही, गाडी बोगद्यात शिरली असणार. जाळीवर काप तसेच पडले होते, खालच्या कडेला लाल, वरून पांढरे, गार होत चाललेले. चिमटा लावला तर एकही सुटेना.

आत आले. सुहास सिंकपाशी उभा होता, हात नळाखाली, मान वळवून दाराकडे बघत. त्यानं रिंग ऐकली होती.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"हसली," मी म्हटलं.

 त्यानं नळाच्या धारेकडे आणि धारेखालच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "हे पाणी गारच आहे ना गं?"